डुकरांनंतर पुन्हा डुकरेच? अ‍ॅनिमेशनपटांच्या उत्तरभागांचा इतिहास

१/ लोकप्रिय अ‍ॅनिमेशनपटाचा पुढचा भाग जाहीर झाला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. काहींना जुने सवंगडी पुन्हा भेटणार म्हणून आनंद होतो, तर काही जण म्हणतात, 'चांगल्या गोष्टीची आता माती करणार!' हा वाद आजचा नाही. तो जवळजवळ नव्वद वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात तीन डुकरांपासून होते. उत्तरभाग, म्हणजे ज्याला आपण सीक्वेल म्हणतो, खरोखर मोलाचा असू शकतो का? आजच्या धाग्यात इतिहासाच्या आधारे याचे उत्तर शोधू.

२/ सन १९३३. अमेरिका महामंदीच्या गर्तेत होती. बँका बुडालेल्या, कारखाने बंद पडलेले, लाखो माणसे बेकार. अशा वेळी मे महिन्यात वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने 'थ्री लिटल पिग्ज' हा जेमतेम आठ मिनिटांचा रंगीत लघुपट प्रदर्शित केला. गोष्ट लहान मुलांना ठाऊक असलेलीच होती. एक डुक्कर गवताचे घर बांधते, दुसरे काटक्यांचे, तिसरे विटांचे. लांडगा येतो, फुंकर मारतो आणि पहिली दोन घरे उडून जातात. विटांचे घर मात्र टिकते.

३/ या लघुपटाला मिळालेली लोकप्रियता अभूतपूर्व होती. चित्रपटगृहांतील मुख्य चित्रपट बदलत, पण हा लघुपट आठवडेच्या आठवडे चालू राही. फ्रँक चर्चिल यांनी रचलेले, लांडग्याला न भिण्याविषयीचे त्यातील गाणे लोकांच्या तोंडी बसले. दारात उभा असलेला लांडगा म्हणजे मंदी, हा अर्थ प्रेक्षकांनीच लावला. लघुपटाला ऑस्कर पुरस्कारही मिळाला.

४/ अ‍ॅनिमेशन कलेच्या इतिहासातही त्याचे स्थान मोठे आहे. तिन्ही डुकरे दिसायला जवळजवळ सारखी, तरी त्यांचे स्वभाव वेगळे. हा फरक चेहऱ्यामोहऱ्यातून नव्हे, तर हालचालींतून दाखवला होता. रेखाटलेले पात्र केवळ हलत नाही, ते विचारही करते, असे प्रेक्षकांना जाणवू लागले.

५/ यश मिळाले की मागणी येतेच. वितरक कंपनी 'युनायटेड आर्टिस्ट्स'ला आणखी डुकरे हवी होती. वॉल्ट नाखूश होते, परंतु बंधू रॉय यांच्या आग्रहाखातर ते तयार झाले. १९३४ मध्ये 'द बिग बॅड वुल्फ', १९३६ मध्ये 'थ्री लिटल वुल्व्हज' आणि १९३९ मध्ये 'द प्रॅक्टिकल पिग' असे तीन उत्तरभाग आले. एकालाही पहिल्याची सर आली नाही. अनेक वर्षांनी, १९६६ मध्ये एका सत्काराच्या भाषणात वॉल्ट यांनी या अनुभवाचे सार सांगितले. डुकरांवर डुकरांनी मात करता येत नाही, असा त्यांच्या उद्गाराचा आशय होता.

६/ हे उत्तरभाग का फसले? चित्रकार तेच होते, पात्रे तीच होती. उणीव कथेत होती. पहिल्या लघुपटातील प्रश्न एकच होता : लांडग्यापासून वाचायचे कसे? त्याचे उत्तर तिसऱ्या डुकराने विटा रचून देऊन टाकले होते. पुढच्या भागांत लांडग्याने नवी सोंगे घेतली, सोबत पिल्ले आणली, पण उत्तर आधीच ठाऊक असलेला तोच प्रश्न प्रेक्षकांपुढे पुन्हा मांडला गेला. यालाच आपल्याकडे कित्ता गिरवणे म्हणतात.

७/ यानंतर डिस्ने स्टुडिओ दीर्घ अ‍ॅनिमेशनपटांच्या उत्तरभागांपासून अनेक दशके दूर राहिला. यामागे केवळ तत्त्वनिष्ठा नव्हती, हिशेबही होता. हाताने रेखाटलेला एक चित्रपट पुरा व्हायला काही वर्षे लागत. त्यापेक्षा जुनाच चित्रपट पुन्हा प्रदर्शित करणे स्वस्त पडे. 'स्नो व्हाइट' १९३७ मध्ये आला आणि १९४४ पासून तो दर काही वर्षांनी चित्रपटगृहांत परतत राहिला. प्रत्येक वेळी नवी पिढी तो पहिल्यांदाच पाहत होती. मग पुढचा भाग हवाच कशाला?

८/ ही घडी १९९० मध्ये मोडली. १९७७ च्या 'द रेस्क्यूअर्स' या चित्रपटातील बर्नार्ड आणि बियांका हे उंदीर-उंदरीण 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर'मधून ऑस्ट्रेलियात पोहोचले. डिस्नेच्या मुख्य अ‍ॅनिमेशन विभागाने चित्रपटगृहांसाठी काढलेला, आधीच्या कथेतील पात्रांना पुढे नेणारा हा पहिला दीर्घ उत्तरभाग मानला जातो. त्यातील महाकाय गरुडाच्या उड्डाणाची दृश्ये आजही थक्क करतात.

९/ दुर्दैवाने १६ नोव्हेंबर १९९० या दिवशी त्याच्यासोबत 'होम अलोन'ही प्रदर्शित झाला. पहिल्याच आठवड्याचे आकडे निराशाजनक आले, आणि डिस्नेचे तत्कालीन स्टुडिओप्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी दूरचित्रवाणीवरील जाहिराती थांबवल्या. चित्रपट विस्मरणात गेला.

१०/ परंतु इतिहासाचा हिशेब तिकीटबारीपाशी संपत नाही. पारदर्शक पत्र्यांवर हाताने रंग भरण्याची जुनी पद्धत सोडून, संपूर्णपणे संगणकावर रंगवलेला आणि जुळवलेला डिस्नेचा हा पहिला दीर्घ चित्रपट होता. ही प्रणाली डिस्नेने पिक्सार या तेव्हाच्या लहानशा कंपनीच्या सहकार्याने विकसित केली होती. 'ब्युटी अँड द बीस्ट', 'अलादीन' आणि 'द लायन किंग' याच प्रणालीवर घडले. पडलेल्या उत्तरभागाने पुढच्या यशाचा रस्ता बांधून ठेवला. पिक्सार हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येईल.

११/ याच सुमारास घराघरांत व्हिडिओ कॅसेट पोहोचली आणि सारे अर्थकारण पालटले. आवडता चित्रपट घरी रोज पाहता येऊ लागल्यावर पुनःप्रदर्शनाची जुनी युक्ती निष्प्रभ ठरली. आता दुकानाच्या फळीवर नवी कॅसेट हवी होती. १९९२ च्या 'अलादीन'नंतर दूरचित्रवाणी मालिकेची सुरुवात म्हणून आखलेली कथा मे १९९४ मध्ये 'द रिटर्न ऑफ जाफर' या नावाने थेट कॅसेटवर आली.

१२/ मूळ चित्रपटात जिनीला आवाज देणारे रॉबिन विल्यम्स मतभेदांमुळे तिच्यात नव्हते. चित्रांचा दर्जा उघडपणे कमी होता. तरीही एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. खर्च किरकोळ, नफा प्रचंड. हे गणित एकदा जमल्यावर ते थांबवणार कोण? 'पोकाहोंतास', 'द लायन किंग', 'द लिटल मर्मेड', 'लेडी अँड द ट्रॅम्प', 'सिंड्रेला' अशा एकामागून एक चित्रपटांचे उत्तरभाग बाजारात आले.

१३/ या कॅसेटपटांची रचना तपासून पाहा. एक साचा वारंवार आढळतो : नायकाचे अपत्य आईबापांचीच गोष्ट उलट दिशेने जगते. जलपरी एरियलला जमिनीची ओढ होती, तर तिची मुलगी मेलडी हिला समुद्राची. 'लेडी अँड द ट्रॅम्प'मध्ये भटक्या ट्रॅम्पला घर मिळाले, तर त्याच्या पिलाला घर सोडून भटकायचे आहे. 'सिंड्रेला'च्या दुसऱ्या भागात तर सलग कथाच नाही, तीन छोट्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. पाणी घालून वाढवलेले ताकच ते!

१४/ येथे न्यायाने वागले पाहिजे. त्या काळातील असंख्य मुलांचे बालपण या कॅसेटींच्या सहवासात गेले, आणि त्यांच्या आनंदाला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय याच कारखान्यातून २००६ मध्ये 'बँबी २' आला. १९४२ च्या मूळ चित्रपटात पाडसाची आई मारली जाते, वडील त्याला घेऊन जातात आणि लगेच वसंत उजाडतो. मधल्या काळात त्या पोरक्या पाडसाला कोणी, कसे सांभाळले? मुलाशी कसे बोलावे हे न उमगणारा बाप आणि आईला शोधणारे पाडस, ही त्या उत्तरभागाची कथा. पैसा कमी असूनही ती मनाला भिडते, कारण तिने खरोखर सुटलेला धागा हाती घेतला.

१५/ आता वळू या इतिहासातील सर्वांत निर्णायक प्रसंगाकडे. नोव्हेंबर १९९५ मध्ये पिक्सारचा 'टॉय स्टोरी' प्रदर्शित झाला. संपूर्णपणे संगणकावर घडवलेला तो पहिला दीर्घ चित्रपट. डिस्नेच्या रिवाजाप्रमाणे त्याचाही उत्तरभाग कॅसेटसाठी ठरला. परंतु कमी दर्जाचे काम वेगळ्या गटाकडून करून घेण्याची कल्पना पिक्सारच्या पचनी पडेना. १९९८ च्या सुरुवातीला निर्णय झाला : 'टॉय स्टोरी २' चित्रपटगृहांतच जाईल.

१६/ त्याच वर्षी एक विलक्षण अपघात घडला. कोणाकडून तरी संगणकावर फाइली पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली आणि पडद्यावरून पात्रे एकेक करून नाहीशी होऊ लागली. चित्रपटाचा बहुतांश भाग पुसला गेला. राखीव प्रती घेणारी यंत्रणाही नीट चालत नसल्याचे तेव्हाच उघड झाले. तान्ह्या बाळामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या संगणकावर मात्र चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून, मोटारीतून जपत स्टुडिओत आणला गेला आणि चित्रपट वाचला.

१७/ ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. इतक्या आटापिट्याने वाचवलेला तो चित्रपट मुळात चांगलाच नव्हता! १९९८ च्या अखेरीस 'अ बग्ज लाइफ' पूर्ण करून परतलेल्या जॉन लॅसेटर आणि सहकाऱ्यांनी तो पाहिला आणि कथा नव्याने बांधायचे ठरवले. प्रदर्शनाची तारीख मात्र हलणार नव्हती. हाती उरले होते सुमारे नऊ महिने.

१८/ दोष कुठे होता? खेळण्यांचा एक लोभी व्यापारी वुडी या बाहुल्याला चोरतो. आपण पूर्वी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे नायक होतो, आपल्याला जपानमधील संग्रहालयात काचेआड जपले जाणार आहे, हे वुडीला कळते. जावे की आपल्या अँडीकडे परतावे? पण तो परतणार हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न, म्हणजे तीन डुकरांचाच दोष इथेही होता.

१९/ नव्या मांडणीत दोन गोष्टींना बळ दिले गेले. आवाज बिघडलेला व्हीझी हा पेंग्विन धूळ खात फळीवर पडलेला आरंभीच दिसतो, म्हणजे टाकले जाण्याचे भय पहिल्यापासून मनात बसते. आणि काउगर्ल बाहुली जेसी आपली कहाणी एका गाण्यातून सांगते. तिची मालकीण एमिली मोठी होत जाते, बाहुली पलंगाखाली विसरली जाते आणि एके दिवशी दान म्हणून देऊन टाकली जाते. हे गाणे ऐकल्यावर वुडीने जपानला जाणे हा मूर्खपणा वाटत नाही. तो शहाणपणाही असू शकतो.

२०/ इथे उत्तरभागाला त्याचा स्वतःचा प्रश्न सापडला. पहिल्या चित्रपटात भीती होती ती दुसऱ्या खेळण्याची : माझी जागा बझ घेईल का? दुसऱ्यात भीती आहे काळाची : अँडी मोठा होईल, मग काय? काचेआड चिरंजीव राहणे की चार वर्षांचे का होईना, प्रेम मिळवणे? हा प्रश्न पहिल्या भागातच दडलेला होता, परंतु तिथे तो कोणी विचारला नव्हता.

२१/ या यशाची किंमतही नोंदवली पाहिजे. पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमुल यांनी पुढे लिहिले आहे की, चित्रपट पूर्ण होईपर्यंत कर्मचाऱ्यांपैकी एक तृतीयांश जणांना अतिकामामुळे हातांचे विकार जडले होते. थकलेला एक कलाकार आपल्या तान्ह्या मुलाला पाळणाघरात सोडायचे विसरला आणि मूल तापलेल्या मोटारीत राहिले. सुदैवाने ते वाचले. चांगला चित्रपट झाला म्हणून ही रीत चांगली ठरत नाही, हे कॅटमुल यांनाही मान्य करावे लागले. उत्तरभागाचे मोल विचारताना ते कोणी चुकवले, हेही विचारावे लागते.

२२/ नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'टॉय स्टोरी २'ने पहिल्या भागाहून अधिक कमाई केली आणि संगीत-विनोदी विभागातील सर्वोत्तम चित्रपटाचा गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळवला. पण कराराचा वाद उभा राहिला. दोन कंपन्यांमध्ये ठरलेल्या पाच चित्रपटांत उत्तरभाग धरायचा नाही, ही डिस्नेची भूमिका होती. व्यवहाराच्या भाषेत उत्तरभाग म्हणजे 'नवा' चित्रपटच नव्हे!

२३/ २००४ मध्ये बोलणी फिसकटली. पात्रांचे हक्क डिस्नेकडे होते. त्यामुळे पिक्सारला वगळून 'टॉय स्टोरी ३' काढण्यासाठी डिस्नेने 'सर्कल सेव्हन' हा वेगळा स्टुडिओ उभारला. बिघडलेल्या बझला दुरुस्तीसाठी तैवानला पाठवले जाते आणि बाकीची खेळणी त्याच्या सुटकेला निघतात, अशी कथा तिथे आकार घेत होती. मात्र डिस्नेची सूत्रे मायकेल आयस्नर यांच्याकडून बॉब आयगर यांच्याकडे गेली आणि जानेवारी २००६ मध्ये पिक्सार ७.४ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा निर्णय जाहीर झाला. 'सर्कल सेव्हन' बंद झाला. पुढच्याच वर्षी कॅसेटपटांच्या नव्या उत्तरभागांनाही पूर्णविराम देण्याचे ठरले.

२४/ ली अंक्रिच दिग्दर्शित 'टॉय स्टोरी ३' जून २०१० मध्ये आला. त्यात पंधरा वर्षांचे अंतर लपवलेले नव्हते. अँडी सतरा वर्षांचा झाला आहे, महाविद्यालयात निघाला आहे. १९९५ मध्ये आईबापांचे बोट धरून चित्रपटगृहात गेलेली मुलेही तेव्हा तितकीच मोठी झाली होती. एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडणारा तो पहिला अ‍ॅनिमेशनपट ठरला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळाले. उत्तरभागाचा खरा कच्चा माल पात्रे नसून लोटलेला काळ आहे, हे इतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

२५/ हे सूत्र चित्रपटांच्याही आधीचे आहे. विदर्भाशी ज्याचे नाते सांगितले जाते त्या भवभूतीने रामाच्या पराक्रमावर 'महावीरचरित' लिहिले आणि मग 'उत्तररामचरित'. दुसऱ्या नाटकाचा भर युद्धावर नाही. आरंभीच राम आणि सीता आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात, आणि त्याच अंकात सीतेचा त्याग घडतो. राज्याभिषेकानंतर काय, हा भवभूतीचा प्रश्न. वुडीही आपल्या जुन्या कार्यक्रमाची चित्रे पाहतो आणि त्यानंतरच त्याचा खरा पेच सुरू होतो. दोन्ही कलाकृतींची तुलना इथे अभिप्रेत नाही, पण उत्तरकथेची रीत मात्र एकच आहे.

२६/ ही कसोटी इतरत्र लावून पाहा. 'श्रेक'मध्ये लग्न लागले आणि कथा संपली. 'श्रेक २'ने विचारले, सासरवाडीला गेल्यावर काय? २०२४ च्या 'इनसाइड आउट २'मध्ये रायली तेरा वर्षांची झाली आणि तिच्या मनात चिंता नावाची नवी भावना शिरली. दोन्ही चित्रपटांनी वय आणि नाती पुढे सरकू दिली. 'टॉय स्टोरी ४'विषयी मात्र अजूनही दुमत आहे. तिसऱ्या भागाने कथा पूर्ण केली होती असे मानणाऱ्यांना तो अनावश्यक वाटतो. मुलाविना खेळण्याचे आयुष्य काय, हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांना तो आवडतो. वाद आहे तो चित्रांच्या दर्जाचा नव्हे, प्रश्न शिल्लक होता की नाही याचा.

२७/ तात्पर्य : वॉल्ट डिस्ने यांचे निरीक्षण खरे होते, पण अपुरे होते. डुकरांवर डुकरांनी मात करता येत नाही. मात्र डुकरे वयाने वाढली, विटांचे घर जुने झाले, लांडगा म्हातारा झाला, तर नवी गोष्ट सुरू होऊ शकते. जो उत्तरभाग काळ थांबवून ठेवतो तो कित्ता गिरवतो. जो काळाला पुढे जाऊ देतो आणि त्यासाठी योग्य माणसे, पुरेसा वेळ व साधने मिळवतो, तो मूळ कृतीलाही नवा अर्थ देतो. 'टॉय स्टोरी २' पाहिल्यावर पहिला भागही पूर्वीसारखा राहत नाही.

२८/ धागा इथे संपतो. आता तुमची पाळी : तुमच्या मते कोणत्या अ‍ॅनिमेशनपटात एखादा प्रश्न अजून अनुत्तरित राहिला आहे? चित्रपटाचे केवळ नाव नको, प्रश्नही लिहा. धागा उपयुक्त वाटला तर अ‍ॅनिमेशनवेड्या मित्रमैत्रिणींपर्यंत जरूर पोहोचवा.